स्पीडबोटने बेटांकडे: स्नॉर्कलिंगच्या एका दिवसाची नीट तयारी

स्नॉर्कलिंग म्हणजे डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी आणि पायांत फिन्स (वल्ह्यासारखी लवचिक पाती) घालून पाण्यावर पालथं तरंगत खालचं जग बघणं. दिवसभराच्या बेट-सहलीत त्यासाठी पाण्यात प्रत्यक्ष मिळणारा वेळ फार तर दीड ते दोन तासांचा असतो. बाकीचा दिवस धक्क्यावर थांबण्यात, बोटीत आपटे खाण्यात, जेवणात आणि वाळूवर जातो. त्या दीड-दोन तासांपैकी पहिली दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. त्या दहा मिनिटांत श्वास शांत झाला तर पुढचा वेळ सोन्यासारखा जातो. तो बिघडला तर माणूस धापा टाकत शिडीकडे परततो आणि पुन्हा उतरत नाही. या लेखातल्या बहुतेक सूचना त्या दहा मिनिटांसाठी आहेत: तिथवर घाई न होता, पोटात न ढवळता, न गळणारा मास्क घेऊन पोहोचता यावं म्हणून.

तारीख ठरवताना

आधी ऋतू पाहा. थायलंडच्या पश्चिमेकडची, म्हणजे अंदमान समुद्रातली बेटं नोव्हेंबर ते एप्रिल या काळात शांत असतात. तिथलं सिमिलान राष्ट्रीय उद्यान तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतं. त्याच देशाच्या पूर्वेकडच्या आखातात मात्र पावसाचा जोर वर्षाच्या शेवटी असतो. कॅरिबियनमध्ये वादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर नोव्हेंबर ते मे हा विषारी बॉक्स जेलीफिशचा काळ, म्हणून तिथे अंगभर पातळ सूट घालूनच उतरतात. ‘उष्ण कटिबंधात बारा महिने ऊन’ एवढ्या भरवशावर तिकीट काढू नये.

दोन-तीन दिवस आधी हवामानाचा अंदाज बघताना पावसाच्या ढगापेक्षा वाऱ्याचा आकडा महत्त्वाचा. वारा १० नॉटच्या आत असेल तर उत्तम. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. १० ते १५ नॉटला बोट आपटू लागते आणि पृष्ठभागावरच्या लाटा नळीत शिरतात. त्याच्या वर गेला, समुद्रावर सगळीकडे पांढरा फेस दिसू लागला, की नवख्यांनी दिवस बदलावा. लाटांच्या उंचीचा जो आकडा अंदाजात दिलेला असतो तो सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही येते. अर्धा मीटर छान, एक मीटर त्रासदायक, दीड मीटर म्हणजे घरी बसावं. शेजारी लाटांमधल्या सेकंदांचा आकडा असेल तर तोही वाचा. चार-पाच सेकंदांनी येणारी एक मीटरची लाट ही दहा सेकंदांनी येणाऱ्या तेवढ्याच लाटेपेक्षा कितीतरी जास्त झोडपते.

मग चंद्र. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: भरती-ओहोटीतलं अंतर मोठं, त्यामुळे बेटांमधल्या खिंडींत प्रवाह जोराचा आणि तळाचा गाळ उठलेला. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी कमी हलतं. निवड हातात असेल तर भांगाचे दिवस घ्या. त्यातही भरती चढत असताना बाहेरचं स्वच्छ पाणी खडकावर येतं, ओहोटीला आतल्या उथळ भागातलं गढूळ पाणी बाहेर पडतं, म्हणून भरतीची शेवटची दोन तासांची वेळ सगळ्यात चांगली. पूर्ण ओहोटीला काही प्रवाळखडकांवर गुडघाभरच पाणी उरतं आणि पोट घासल्याशिवाय तरंगता येत नाही. कॅरिबियनसारख्या ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक बहुतेक जागी अर्ध्या मीटरहूनही कमी असतो. तिथे चंद्र विसरून फक्त वारा पाहिला तरी चालतं.

सकाळ की दुपार, याचं उत्तर जवळपास नेहमी सकाळच. जमीन तापली की दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. शिवाय मोठ्या सहली एकाच वेळी निघून एकाच क्रमाने फिरतात. तासभर लवकर निघणारी बोट मिळाली तर पहिली जागा जवळपास रिकामी मिळते.

बोट ठरवताना काय विचारायचं

जाहिरातीत बेटांची संख्या मोठ्या अक्षरात असते. पाच बेटं, सात बेटं. ही संख्या जितकी मोठी तितका पाण्यातला वेळ कमी. स्नॉर्कलिंगसाठीच जात असाल तर ‘प्रत्येक थांब्यावर पाण्यात किती मिनिटं?’ हा पहिला प्रश्न. ४० मिनिटांचे दोन-तीन थांबे चांगले. २० मिनिटांच्या थांब्यात फिन्स चढवण्यात आणि रांगेत शिडी उतरण्यातच निम्मा वेळ जातो.

दुसरा प्रश्न माणसांचा: बोटीची परवानगी किती जणांची, आज किती जाणार, आणि पाण्यात उतरणारे गाइड किती. तीस प्रवाशांना एकच गाइड असेल आणि तोच फोटो काढणार असेल, तर तुमच्याकडे बघणारं कुणी नाही असं समजा. इंजिनं दोन असावीत. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर परत येता येतं. प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, लहान मुलांचं वेगळं आहे का, रेडिओ आहे का, डोक्यावर छत आहे का, शौचालय आहे का, हे विचारायला संकोच करू नका. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क आणि फिन्सचं भाडं धरलेलं आहे का तेही आधीच. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या. ज्याला परतावा द्यावा लागत नाही आणि ज्याला द्यावा लागतो त्या दोघांचा वाऱ्याकडे बघण्याचा दृष्टिकोन वेगळा असू शकतो.

फोटोतल्या जागी उतरता येईलच असंही नाही. थायलंडची माया बे प्रवाळ वाचवण्यासाठी २०१८ च्या जूनमध्ये बंद केली गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडली, पण आता बोटी त्या खाडीत शिरत नाहीत. मागच्या बाजूने उतरून चालत जावं लागतं आणि तिथे पोहायला मनाई आहे. असे नियम सगळीकडे बदलत असतात, म्हणून त्या महिन्याची स्थिती विचारा. प्रवास विम्यात बोटीने जाऊन केलेलं स्नॉर्कलिंग धरलेलं आहे का, ही एक ओळ वाचून घ्यावी.

मास्क, नळी, फिन्स

यातली एकच वस्तू स्वतःची विकत घ्यायची असेल तर मास्क घ्या. भाड्याचे मास्क ताणलेले, चरे पडलेले असतात आणि चेहरा प्रत्येकाचा वेगळा. काच टेम्पर्ड असावी, कडा मऊ सिलिकॉनची, आणि नाक चिमटीत धरता येईल असा नाकाचा कप्पा हवा.

माप बघण्याची पद्धत अशी. पट्टा काचेवरून पुढे घ्या. केस मागे सारून मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला पाहिजे, मान खाली घातली तरी. आता नळीचं तोंड दातांत धरून हेच पुन्हा करा, कारण नळी धरली की गाल आणि वरचा ओठ हलतो आणि दुकानात बसलेला मास्क पाण्यात गळू लागतो. भुवईच्या मध्यावर काच टेकत असेल तर दोन तासांत डोकं दुखेल. तो मास्क सोडा.

गळतीवर उपाय म्हणून लोक पट्टा आवळतात. उलट परिणाम होतो: कडा वळते आणि जास्त गळते. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या वर, फक्त टेकेल इतकाच. खरं कारण बहुतेक वेळा कडेखाली अडकलेले केस, टोपीची कड किंवा मिशी असते. नाकाखालच्या मिशीचा वरचा पट्टा बारीक कातरला किंवा तिथे सिलिकॉन ग्रीस लावलं तर पाणी थांबतं.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो काढला नाही तर काहीही केलं तरी वाफ धरते. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, आतल्या बाजूने बोटाने दोन मिनिटं चोळा, धुवा, असं तीन-चार वेळा करा. पुढे दर वेळी उतरण्याआधी कोरड्या काचेवर थुंकी किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून पाण्यात एकदाच बुडवून काढा. खसाखसा धुतलं तर हा लावलेला थर निघून जातो. मास्क कपाळावर चढवून ठेवायची सवय नको. डोक्याच्या उबेने तो धूसर होतो आणि लाटेने पडून बुडतो. गळ्यात ठेवा.

चष्मा असणाऱ्यांसाठी नंबरच्या काचा बसवता येणारे मास्क मिळतात. साधारण अर्ध्या नंबराच्या टप्प्याने तयार काचा असतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नये, कारण पाण्यातल्या अकँथअमीबासारख्या जीवाचा डोळ्यातला संसर्ग बरा व्हायला फार जड असतो. तरी कुणी घालणारच असेल तर एक दिवसाच्या लेन्स घालाव्यात आणि बाहेर आल्यावर लगेच टाकून द्याव्यात.

नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर लांब असते आणि ती तेवढीच असावी. लांब नळीने जास्त खोल जाता येईल असं वाटतं, पण दोन गोष्टी आड येतात. सोडलेली हवा नळीत उरते आणि पुढच्या श्वासात तीच परत येते. शिवाय एक मीटर खोलीवरसुद्धा पाण्याचा छातीवरचा दाब इतका असतो की बाहेरची हवा ओढता येत नाही. वर पाणी अडवणारं झाकण आणि खाली पाणी बाहेर टाकणारी झडप असलेली अर्ध-कोरडी नळी बहुतेकांना सोयीची. पूर्ण कोरड्या नळीत वर तरंगता गोळा असतो. त्यात वाळूचा कण अडकला तर झडप भलत्या वेळी बंद राहते. वापरण्याआधी नळी उलटी-सुलटी करून गोळा खळखळतो का पाहा आणि कोरड्यातच जोरजोरात दहा श्वास घेऊन बघा. हवा ओढताना अडथळा जाणवत असेल तर ती नळी नको. अमेरिकेच्या हवाई राज्यात झालेल्या स्नॉर्कल सुरक्षेच्या अभ्यासात श्वासाला होणारा हाच विरोध धोक्याच्या कारणांमध्ये धरला आहे.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क नवख्यांना मोहात पाडतात, कारण नाकाने श्वास घेता येतो. आमचं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. आतल्या झडपा नीट चालल्या नाहीत तर सोडलेली हवा पुन्हा श्वासात येते, नाक चिमटीत धरता येत नाही, आणि घाबरल्यावर नळी थुंकून टाकावी तसा तो क्षणात काढता येत नाही.

फिन्स पायात घट्ट पण बोटं न दुमडता बसाव्यात. सैल फिनमुळे टाचेला फोड येतो, म्हणून पातळ मोजे घाला. आखूड, मऊ पात्याच्या फिन्स नवख्यांना पुरतात. लांब, कडक पात्यांनी पोटरीत गोळा येतो.

अंगावर आणि पिशवीत

पाण्यावर पालथं तरंगताना मान, पाठ, गुडघ्यांच्या मागचा भाग आणि पोटऱ्या भाजतात, आणि थंड पाण्यात ते कळतही नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि पायघोळ लेगिंग हा सगळ्यात खात्रीचा उपाय. जेलीफिशच्या बारीक डंखांपासूनही वाचवतो. सुती टी-शर्ट पाणी शोषून जड होतो, तो नको. उरलेल्या जागी, म्हणजे कान, केसांतला भांग, हाताची व पायाची वरची बाजू, निघण्याआधी अर्धा तास सनस्क्रीन लावा आणि दर दोन तासांनी परत. हवाईमध्ये १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद आहे. प्रशांत महासागरातल्या पलाऊ देशाने २०२० मध्ये आणि थायलंडने २०२१ मध्ये सागरी उद्यानांसाठी असेच निर्बंध आणले. बाटलीवर ‘रीफ सेफ’ छापलेलं असतं त्यावर न जाता मागची यादी वाचा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घ्या. मास्कची कड जिथे बसते तिथे कपाळाला आणि वरच्या ओठाला क्रीम लावू नका; मास्क घसरतो आणि क्रीम डोळ्यात जातं.

गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग निदान तीन घड्या गुंडाळली तरच पाणी अडवते. तिच्यात कोरडे कपडे, टॉवेल, वाऱ्यापासून वाचवणारं पातळ जाकीट, औषधं. फोनच्या पारदर्शक पिशवीत आधी टिश्यूचा तुकडा घालून बादलीत अर्धा तास बुडवून पाहा. पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही. आवाजाच्या बटणावर शटर लावून ठेवा. अंगठ्या घरी ठेवा. पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कळायच्या आत निसटते.

आदल्या दिवशीचा सराव

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि समुद्रातल्या घाबरगुंडीचं सगळ्यात मोठं कारण तेच. कमरेइतक्या पाण्यात, तलावात किंवा किनाऱ्यावर, वीस मिनिटं पुरतात. मास्क लावून, नळी तोंडात घेऊन उभ्यानेच चेहरा पाण्यात घाला. तीन आकड्यांत श्वास आत, पाच आकड्यांत बाहेर. शरीराला तोंडाने श्वास घ्यायची आणि डोळ्यांसमोर पाणी असताना शांत राहायची सवय व्हायला थोडा वेळ द्यावाच लागतो. मग मुद्दाम नळी पाण्याने भरू द्या आणि ‘तू’ म्हटल्यासारखा जोराचा झटका देऊन ती रिकामी करा. त्यासाठी छातीत हवा हवी, म्हणून पूर्ण श्वास सोडून झाल्यावर नळी बुडू देऊ नका. नंतर मास्कची कड थोडी उचलून पाणी आत घ्या, वरची कड कपाळावर दाबा, चेहरा किंचित वर करून नाकाने हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. ही दोन कामं हाताला बसली की समुद्रात तोंडात पाणी आल्यावर डोकं ठिकाणावर राहतं.

पोहता न येणाऱ्यांनी स्नॉर्कलिंग करावं का? करता येतं, पण अटींवर: हा सराव झालेला असावा, अंगात नीट आवळलेलं जॅकेट असावं, हातात गाइडने ओढायची तरंगती रिंग असावी, आणि सहलीत किनाऱ्यावरून उतरायचा थांबा असावा. पायाखाली तळ नाही या जाणिवेनेच ज्यांचा श्वास चढतो त्यांनी खोल पाण्यातला थांबा बोटीत बसून काढावा. त्यात कमीपणा काहीच नाही. फोमचं लाइफ जॅकेट माणसाला उभं करू पाहतं, त्यामुळे पालथं तरंगताना मान अवघडते. स्नॉर्कलिंगसाठी मिळणारा फुगवता येणारा जॅकेट अधिक सोयीचा. कुठलंही असो, पायांमधून जाणारा पट्टा लावलाच पाहिजे, नाहीतर पाण्यात जॅकेट हनुवटीपर्यंत वर चढतं.

सकाळी

बोट लागणाऱ्यांनी गोळी बोट हलल्यावर घेऊन उपयोग नसतो. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेटसारखी औषधं साधारण तासभर आधी घ्यावी लागतात. प्रोमेथाझिन त्याहून आधी. सगळ्यांनीच कमी-जास्त झोप येते, म्हणून डॉक्टरांना विचारून एखाद्या घरच्या दिवशी घेऊन बघावी. पाण्यात गुंगलेला माणूस धोक्यात असतो, आणि दारूसोबत तर नकोच. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही नको. कोरडं, बिनतेलाचं काही तास-दीड तास आधी खा.

मळमळीचं मूळ असं आहे की आतला कान हालचाल सांगतो आणि डोळे समोरची स्थिर आसनं पाहतात. म्हणून फोनमध्ये डोकं घालू नका, क्षितिजाकडे बघा.

बोटीत कुठे बसायचं

पुढचा मोकळा भाग फोटोसाठी छान, पण तिथे बसणं हा या सहलीतला सगळ्यात चुकीचा निर्णय. स्पीडबोट वेगात असताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचललेली असते आणि ती लाटेवर आपटते. बोटीचा मागचा भाग पाण्यातच असतो, म्हणून तिथे धक्का कितीतरी कमी. पुढे बसलेल्या प्रवाशांच्या मणक्याला चेपून फ्रॅक्चर झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, आणि त्यात धडधाकट माणसंही आहेत. मागच्या एक-तृतीयांश भागात बसा, पण अगदी इंजिनाशेजारी नाही. तिथे पेट्रोलचा धूर येतो आणि त्यानेच मळमळ सुरू होते. पाय जमिनीवर टेकलेले, गुडघे वाकलेले, एक हात पकडीवर. मोठी लाट येताना दिसली तर बैठक किंचित उचलून धक्का मांड्यांवर घ्या. गरोदर स्त्रिया, पाठीचं ऑपरेशन झालेले, हाडं ठिसूळ असलेले आणि स्लिप डिस्कचे रुग्ण यांनी स्पीडबोट टाळून मोठी, संथ बोट निवडावी. लहान मुलाला मांडीवर घेऊ नका. आपट्यात हातातून सुटतं. स्वतःच्या जॅकेटात, आपल्या शेजारी, आतल्या बाजूला बसवा.

निघण्याआधी कॅप्टनने इंजिन बंद करणारी दोरी, म्हणजे किल स्विच, मनगटाला अडकवली आहे का ते बघा. तो पडला तर इंजिन थांबवणारी तीच. माणसं मोजली का तेही बघा.

उतरणं आणि पहिली दहा मिनिटं

इंजिन पूर्ण बंद झालं आणि कॅप्टनने खूण केली की मगच हालचाल. नुसतं न्यूट्रल पुरत नाही. मागच्या फळीवर बसून पाय पाण्यात सोडा, तिथेच फिन्स चढवा. फिन्स घालून बोटीत चालणारा माणूस पडतोच. मास्क चेहऱ्यावर, नळी तोंडात, श्वास सुरू, मग शिडीला धरून घसरत उतरा. उडी मारू नका: मास्क निघतो, आणि खाली कोण आहे ते दिसत नाही.

उतरल्यावर लगेच माशांमागे निघू नका. शिडीशी गर्दी असेल तर बोटीची दोरी किंवा रिंग धरा, चेहरा पाण्यात घाला आणि तिथेच वीस श्वास घ्या. पाण्याचा गारवा लागताच शरीर भराभर, उथळ श्वास घेऊ लागतं. उथळ श्वासात नळीतलीच शिळी हवा आत-बाहेर होते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि दम लागल्यासारखं वाटतं. घाबरून अजून भराभर श्वास घेतला की चक्र पक्कं होतं. ते तोडायची एकच जागा आहे, बाहेर सोडायचा श्वास. तो लांबवा. आत घेणारा आपोआप खोल होतो.

श्वास बसला की हात अंगालगत, नजर खाली आणि थोडी पुढे, म्हणजे नळी सरळ उभी राहते. पाय कंबरेपासून हलवा, गुडघ्यातून सायकल नको, आणि फिन पाण्याबाहेर येऊ देऊ नका. वेग कासवाचा. दम लागला तर पाठीवर वळा, नळी काढा, थांबा. पोटरीत गोळा आला तर फिनचं टोक धरून स्वतःकडे ओढा. जोडीदार हाताच्या अंतरावर, आणि दर मिनिटाला एकदा दोघांनीही डोकं वर काढून बोट कुठे आहे ते बघायचं.

प्रवाह

फिन्स घातलेला सामान्य माणूस एक नॉटच्या प्रवाहाविरुद्ध फार वेळ टिकत नाही. आणि तेवढाच प्रवाह दहा मिनिटांत माणसाला ३०० मीटर वाहून नेतो, त्याला कळतही नाही, कारण पाणी आणि तो दोघं मिळून सरकत असतात. उतरण्याआधी नांगराची दोरी कुठल्या बाजूला ताणली आहे आणि पाण्यावरचा कचरा कुठे चालला आहे हे बघा. पाण्यात तळाच्या एका खडकावर नजर ठेवून हालचाल थांबवा; खडक सरकताना दिसला तर तुम्ही वाहताय. जाताना प्रवाहाविरुद्ध जा, परतताना तो तुम्हाला आणेल. वेळेचा एक-तृतीयांश भाग झाला की वळा.

वाहून गेलात तर बोटीच्या दिशेने झुंजू नका. ताकद संपते, अंतर तेवढंच राहतं. पाठीवर तरंगा, एक हात सरळ वर करून हलवा, जॅकेटची शिट्टी वाजवा. बोट तुमच्याकडे येऊ शकते. ती येताना दिसली तर थांबा; इंजिन बंद होईपर्यंत तिच्याकडे पोहू नका.

खाली काय आहे आणि काय करू नये

पाण्यात वस्तू साधारण एक-तृतीयांश मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात. चार मीटरवरचा तळ तीन मीटरवर वाटतो. लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच फिका पडतो, म्हणून सूर्य डोक्यावर असताना उथळ खडकावर जे रंग दिसतात ते खोल पाण्यात दिसत नाहीत.

एका मोठ्या प्रवाळावर दोन-तीन मिनिटं स्थिर राहा. फिरत राहिलात तर मासे पळताना दिसतात. थांबलात तर ते परत कामाला लागतात. पोपटमासा प्रवाळ कुरतडताना कुरकुर आवाज येतो, आणि तो जे गिळतो त्यातूनच पुढे पांढरी वाळू बनते. बोटभर निळा-काळा सफाई करणारा मासा मोठ्या माशाच्या तोंडात शिरतो, आणि मोठा मासा तोंड उघडून थांबलेला असतो. हे बघायला घाई चालत नाही.

प्रवाळावर उभं राहू नका, हात टेकू नका, फिन लागू देऊ नका. भरीव गोलाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. एका फिनच्या फटक्याने तुटलेली प्रवाळाची फांदी परत यायला वर्षं जातात. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर केली, त्यामुळे जे उभे आहेत ते आधीच ताणाखाली आहेत. उभं राहायची गरज पडली तर वाळू शोधा, आणि तिथेही पाय घासत ठेवा म्हणजे वाळूत दडलेला स्टिंग रे, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच सरकतो. पाव टाकून मासे जमवू नका. शंख उचलू नका. शंकूच्या आकाराच्या काही शंखांचा डंख जीवघेणा असतो.

मोठा टायटन ट्रिगरफिश अंडी राखताना अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वरच्या दिशेने रुंदावत जाते, म्हणून वर न जाता आडवं, त्याच्याकडे तोंड ठेवून दूर व्हा. समुद्री साळिंदराचे काटे, स्टोनफिश आणि लायनफिश हे विषारी काट्यांचे मासे, यांच्या डंखावर सोसवेल इतकं गरम पाणी, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास. बॉक्स जेलीफिशवर निदान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतायचं, चोळायचं नाही; ब्लूबॉटल या जेलीफिशसारख्या निळ्या जीवाच्या डंखावर मात्र व्हिनेगर नको, गरम पाणी. जाणकार नसेल तर गाइडला विचारूनच करा, आणि श्वास लागला तर सरळ रुग्णालय.

खाली बुडी मारायची असेल तर जॅकेटशिवाय, आणि पोहता येत असेल तरच. दर मीटरला नाक चिमटीत धरून कान मोकळे करा; दुखलं तर वर. बुडीआधी भराभर खोल श्वास घेऊ नका. त्याने ऑक्सिजन वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि माणूस पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडतो.

बाहेर यायची खूण

कष्टाच्या मानाने जास्त दम लागणं, हातापायांतली शक्ती अचानक जाणं, खोकला, छातीत दडपण: यातलं काहीही झालं तर नळी काढा, पाठीवर वळा, मदत मागा, बाहेर या. ‘थोडं थांबून बघू’ हे इथे चालत नाही. हवाईच्या त्या अभ्यासाने दाखवलं की पाणी नाकातोंडात न जाताही फुप्फुसांत झपाट्याने पाणी साठू शकतं. हृदयाचे आजार, श्रम आणि अरुंद नळी यांनी धोका वाढतो, आणि लांब विमानप्रवासानंतर दोन-तीन दिवस थांबावं असं तिथे सुचवलं आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि गाइडला तसं सांगावं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये तर अशा पर्यटकांना चटकन ओळखू येईल असं तरंगण्याचं साधन घालावं लागतं.

शिडी चढताना फिन्स पाण्यातच काढून वर द्या. शिडी लाटेबरोबर वर-खाली होते, तेव्हा ती खाली असताना पकडा, आणि वरचा माणूस चढेपर्यंत त्याच्या खाली थांबू नका.

परतताना

दुपारचा समुद्र सकाळपेक्षा खवळलेला असतो आणि अंग ओलं असतं. वेगातल्या वाऱ्यात हुडहुडी भरते, म्हणून कोरडं जाकीट आत्ता घाला. पाणी प्या, पाण्यात असताना तहान उशिरा कळते. प्रवाळाने खरचटलं असेल तर गोड पाणी आणि साबणाने घासून बारीक कण काढा, जंतुनाशक लावा आणि दोन-तीन दिवस लाली पसरते का बघा. असे ओरखडे दिसायला किरकोळ आणि चिघळायला पटाईत असतात. कान कलता करून पाणी काढा, टॉवेलच्या टोकाने पुसा, काडी घालू नका. दुसऱ्या दिवशी कानाची पाळी ओढल्यावर दुखलं तर संसर्ग सुरू झाला आहे, डॉक्टरांकडे जा. मास्क, नळीची झडप आणि फिन्स गोड्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून सावलीत वाळवा, आणि मास्क त्याच्या कडक डबीतच ठेवा. बॅगेत दबून कड एकदा वाकडी झाली की तो पुन्हा नीट बसत नाही.